भंगारातले रेडियल इंजिन प्रदर्शनासाठी उभे करताना

जुन्या विमानाचे रेडियल इंजिन, म्हणजे मधल्या शाफ्टभोवती चक्रासारखे सिलिंडर लावलेले इंजिन, लिलावातून किंवा भंगारवाल्याकडून हाती आले की सगळ्यांना घाई होते ती ते चकचकीत करण्याची. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) बफिंगवाले, ब्लास्टिंगवाले, पावडर कोटिंगवाले हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे इंजिन आठवड्याभरात आरशासारखे होऊन येते. मग बडोद्याचे दोन-तीन पावसाळे जातात, फिन्सच्या, म्हणजे सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या, सांध्यांतून पांढरी भुकटी गळायला लागते आणि रंगाखाली फोड उठतात. जे इंजिन तीस-चाळीस वर्षे उघड्यावर टिकले, ते आपल्या हातात आल्यावर खराब होते याचे फार वाईट वाटते. म्हणून कामाचा क्रम आणि त्यामागची कारणे जरा सविस्तर लिहीत आहे.

उदाहरणाला प्रॅट अँड व्हिटनीचे आर-१३४० वास्प घेऊ. हार्वर्ड या ट्रेनर विमानाचे हे इंजिन, आणि हार्वर्डवर आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या तयार झाल्या. एका रांगेत गोलाकार नऊ सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ५.७५ इंच म्हणजे १४६ मिमी, एकूण २२ लिटर, टेकऑफला २२५० आरपीएमवर ६०० हॉर्सपॉवर. व्यास १.३१ मीटर, कोरडे वजन सुमारे ४२२ किलो. डाकोटा या वाहतुकीच्या विमानाचे आर-१८३० दोन रांगांचे आणि चौदा सिलिंडरचे आहे. तिथेही पद्धत हीच, फक्त मागच्या रांगेपर्यंत हात पोचवताना कस लागतो.

हात लावण्याआधी कुठला भाग कुठल्या धातूचा आहे ते ठरवा. सिलिंडरचे बॅरल पोलादी, त्यावरच्या फिन्स त्याच पोलादात कातलेल्या. हेड ॲल्युमिनियमचे ओतीव, आट्यांनी बॅरलवर चढवून गरम-थंड करून कायमचे बसवलेले. हेड आणि बॅरल वेगळे करायच्या फंदात पडू नका, ती जोडी एकच भाग समजा. खरी अडचण केसिंगची असते. मॉडेलप्रमाणे काही केसिंग आणि कव्हर मॅग्नेशियमची असतात आणि रंगाखाली ती ॲल्युमिनियमसारखीच दिसतात. दिसणार नाही अशा जागी रंग थोडा खरवडा आणि उघड्या धातूवर साध्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियम शांत राहते. थेंब लगेच पुसून जागा कोरडी करा. सापडलेल्या प्रत्येक मॅग्नेशियमच्या भागावर लाल चिकटपट्टी लावून ठेवा, कारण पाणी, ॲसिड, ब्लास्टिंग आणि गॅसची ज्योत या चारही गोष्टी त्या भागांना वर्ज्य आहेत. मॅग्नेशियमचा कीस पेटला तर पाणी टाकून आग भडकते, तेव्हा कामाच्या जागी कोरड्या वाळूची बादली हवीच.

आरोग्याच्या चार गोष्टी इथेच सांगतो. जुन्या नटबोल्टांवरचा मळकट चंदेरी किंवा सोनेरी झाक असलेला थर बहुधा कॅडमियमचा असतो. त्यावर वायर ब्रशचे चाक चालवायचे नाही आणि अडकलेला नट सोडवायला गॅस मारायचा नाही, कॅडमियमचा धूर फुप्फुसांना घातक असतो. एक्झॉस्ट पोर्टमधला राखाडी-पिवळट थर पेट्रोलातल्या शिशाचा. तो ओल्या फडक्याने पुसायचा, कोरडा खरवडायचा नाही आणि त्यावर हवेचा झोत तर मुळीच नाही. जुन्या एक्झॉस्ट गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चाला. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोकळ दांड्यात सोडियम भरलेले असते. कटअवे मॉडेल, म्हणजे आतली रचना दिसावी म्हणून कापलेले मॉडेल, करण्याच्या हौसेने तो व्हॉल्व्ह कापला आणि पाण्याचा स्पर्श झाला तर स्फोट होतो. कटअवे करायचाच असेल तर तडा गेलेला, कामातून गेलेला सिलिंडर घ्या आणि त्यातला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी काढून ठेवा. धड असलेल्या इंजिनावर कटर चालवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

उचलायला एक टनाचा चेन ब्लॉक पुरतो. नायलॉनचे पट्टे वापरा, एक प्रोपेलर शाफ्टला आणि बाकीचे इंजिनाच्या स्वतःच्या उचलण्याच्या कड्यांना. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या, इनटेक पाइप, इग्निशनची वेणी म्हणजे स्पार्क प्लगच्या वायरींचा जुडगा यांना भार लागता कामा नये. त्या पत्र्याच्या नळ्या एकदा चेपल्या की सरळ होत नाहीत, आणि तशाच मिळतही नाहीत.

मग नोंदी. सगळ्या बाजूंनी फोटो, प्रत्येक जोडाचा जवळून फोटो, आणि सुट्या भागाला नंबर ठोकलेली ॲल्युमिनियमची बिल्ली. इथे हमखास एक घोळ होतो. सिलिंडरचे क्रमांक इंजिनाच्या मागून बघून, घड्याळाच्या दिशेने मोजतात, सगळ्यात वरचा १. समोर उभे राहून मोजलेत तर १ सोडून सगळे उलटे पडतात. खालचे दोन सिलिंडर ५ आणि ६, त्यांच्या जरा वर ४ आणि ७. हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून इंजिनाच्या मागे भिंतीवर लावा, बिल्ल्या त्यानुसारच पडतील.

आता आतली बाजू. खालच्या ऑइल संपचा ड्रेन प्लग आणि सगळे १८ स्पार्क प्लग काढा. खालच्या सिलिंडरमधून काळे तेल, पाणी आणि गंजाचा चिखल बाहेर येतो. इनटेक पाइपमध्ये कुंभारीण माशीची मातीची घरटी जवळजवळ नेहमीच सापडतात, कधी उंदराचे बिळही. ती कोरडीच फोडून व्हॅक्यूमने ओढून घ्या. पाणी मारलेत तर चिखल आत पसरतो आणि मातीतले क्षार कोपऱ्यांत जाऊन बसतात.

इंजिन जाम असले तर ते फिरते करायचे का, हा निर्णय शांतपणे घ्या. प्रदर्शनातल्या इंजिनाला फिरण्याची गरज नसते. तरी फिरवायचेच असेल तर आधी रॉकर कव्हर उघडून सगळे १८ पुशरॉड काढून ठेवा. चिकटलेला व्हॉल्व्ह आणि फिरणारा कॅम यांच्यामध्ये सापडलेला पुशरॉड वाकतोच. मग ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात, प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे २०० मिली, ओतताना दर वेळी ढवळून, कारण हे मिश्रण ठेवले की वेगळे होते. आसपास ठिणगी नको. रेडियल इंजिनात एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही: वरच्या सिलिंडरमध्ये ओतलेले मिश्रण पिस्टनच्या माथ्यावर साठते आणि रिंगांतून झिरपते. खालच्या सिलिंडरमध्ये हेड खाली आणि पिस्टन वर, म्हणून प्लगमधून घातलेले मिश्रण हेडमध्येच पडून राहते, रिंगांना लागतसुद्धा नाही. खालच्यांसाठी ते क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या मधल्या केसिंगच्या, बाजूने सोडावे लागते, म्हणजे ते बॅरलमध्ये पिस्टनच्या मागे उतरते. याच वाटेने उतरलेले तेल उडत्या इंजिनात हायड्रॉलिक लॉक करते, म्हणजे सिलिंडरमध्ये साचून पिस्टन अडवते. स्टँड फिरवून शाफ्ट उभा करता आला तर नऊही सिलिंडर आडवे होतात आणि सगळ्यांना सारखे मिश्रण मिळते. शक्य असेल तर हेच करा.

दोन-तीन आठवडे मुरू द्या. फिरवण्यासाठी शाफ्टच्या स्प्लाइनवर (उभ्या खाचांवर) पाइप पाना लावू नका. सागवानाचे दोन अर्धगोल कोरलेले ठोकळे स्प्लाइनभोवती बोल्टने आवळा आणि त्यांना एक मीटरचा पाइप बांधा. एका माणसाच्या ताकदीने, दोन्ही दिशांना दोन-तीन अंश हलवून बघा. हलले की थोडे तेल घाला आणि पुन्हा हलवा. चेन ब्लॉक किंवा जॅक लावून फिरवलेले इंजिन आतून लिंक रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेले दांडे, वाकवून बसते. फिरत नसेल तर तसेच राहू द्या, त्याने प्रदर्शनाचे काहीही बिघडत नाही.

सिलिंडर उतरवायचे झाले तर मास्टर रॉड, म्हणजे बाकीचे लिंक रॉड ज्याला जोडलेले असतात तो मुख्य दांडा, कुठल्या सिलिंडरमध्ये आहे ते मॅन्युअलमध्ये आधी बघा. तो सिलिंडर सगळ्यात शेवटी काढायचा आणि सगळ्यात आधी बसवायचा. तो आधी काढला की मास्टर रॉड तिरका होतो, बाकीचे पिस्टन खाली सरकतात आणि त्यांच्या रिंगा बॅरलच्या बुडाशी बाहेर येऊन अडकतात.

सफाई हा सगळ्यात लांबचा भाग, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. आपल्या गॅरेजमध्ये डिझेल इंजिनाचा बिडाचा ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळून काढतात. त्याच टाकीत ॲल्युमिनियमचे हेड गेले की हायड्रोजन सुटून धातू अक्षरशः विरघळतो, फिन्सच्या कडा पातळ होतात. टाकीवाल्याला फोनवर सांगून भागत नाही, भागांवर लिहून द्या. हार्डवेअरच्या दुकानातले ॲसिडही नको. त्यातले क्लोराइड फिन्सच्या मुळाशी राहते आणि दमट हवेत वर्षानुवर्षे खात बसते.

योग्य क्रम असा: आधी कोरडी सफाई, बांबूच्या कामट्या, नायलॉनचा ब्रश आणि व्हॅक्यूम. मग रंगाच्या दुकानात मिळणारे एमटीओ म्हणजे मिनरल टर्पेंटाइन. या आकाराच्या इंजिनाला तीस-चाळीस लिटर लागते, मोठ्या ट्रेमध्ये गोळा करून निवळू दिले की पुन्हा वापरता येते. तेलकटपणा गेल्यावर फक्त ॲल्युमिनियमच्या भागांना साध्या, क्षार नसलेल्या साबणाचे एक टक्का पाणी. शेवटचे खळाळणे मात्र नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने नको. बॅटरीत घालायचे पाणी पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळते, ते वापरा, कारण त्यात क्षार नसतात. लगेच गरम हवेने ६० अंशांपर्यंत सुकवा, फिन्सच्या मुळापर्यंत.

पोलादी बॅरलच्या फिन्समधली फट काही मिलिमीटरचीच असते. हिरव्या स्क्रबरची पट्टी हॅकसॉ ब्लेडवर दुमडून, एमटीओत बुडवून एकेक फट घासावी लागते. पहिल्या फेरीत पट्टी लाल-तपकिरी होते, तिसऱ्या-चौथ्या फेरीत राखाडी पोलाद दिसायला लागते. तिथे थांबा. खोल खड्ड्यांतला गंज पूर्ण निघत नाही. त्यावर टॅनिक ॲसिडचा रस्ट कन्व्हर्टर ब्रशने लावला की तो काळा आणि स्थिर होतो. एका बॅरलला संध्याकाळ जाते, पण याला दुसरा चांगला उपाय नाही.

ब्लास्टिंग फक्त उतरवलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडला, तेही काचेच्या बीड्सने. वाळू नको: ती धातू खाते आणि धूळ फुप्फुसात जाते. दाब ४० ते ५० पीएसआय, नोझल वीसेक सेंटिमीटर दूर आणि तिरपा. सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे बीड्स नवे कोरे हवेत. जॉबवर्कवाल्याच्या मशीनमध्ये आदल्या दिवशी लोखंडाचे काम झालेले असते आणि तेच लोखंडाचे कण तुमच्या ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात. बाहेर येताना हेड सुंदर दिसते. पहिल्या पावसाळ्यात त्यावर तांबूस ठिपके येतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती ॲल्युमिनियम सडायला लागते. २५ किलोची पिशवी आपणच विकत घेऊन द्या, आधीचा माल पूर्ण काढून घ्या आणि तोंडे रबरी बुचांनी बंद करा. डेटा प्लेट, तपासनिसांचे ठसे आणि गॅस्केटचे पृष्ठभाग यांवर एकही बीड पडू नये. ते ठसे म्हणजे त्या इंजिनाची कागदपत्रे आहेत, एकदा गेले की परत येत नाहीत.

पावडर कोटिंगला ठाम नकार. तेल मुरलेले जुने ओतीव भाग १८०-२०० अंशांच्या भट्टीत तेल ओकतात, त्यामुळे थराखाली फोड येतात, आणि नंतर तो थर काढायचा म्हणजे पुन्हा ब्लास्टिंग. बफिंगही नको. त्याने ओतीव धातूचे मूळचे कातडे जाते आणि फिन्समध्ये अडकलेला बफचा मसाला ओल धरून ठेवतो.

मूळचा रंग शोधायचा तर डेटा प्लेटच्या कडेला किंवा फ्लँजच्या आत बघा, तिथे ऊन पोचलेले नसते. या कंपनीच्या क्रँककेसला साधारणपणे राखाडी एनॅमल असते आणि बॅरलला काळा. मिळालेल्या तुकड्यावरून दुकानात शेड जुळवून घ्या. रंगाचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. धातूचे तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर हवे, आणि सफाईनंतर चार तासांत प्राइमर लागला पाहिजे. इपॉक्सी प्राइमर ४० ते ५० मायक्रॉन, त्यावर अर्धचमक पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग. उघड्या ठेवायच्या हेडवर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स एमटीओत पातळ करून, ब्रशने, दोन हात. वॅक्स कधीही एमटीओने पुसून काढता येते, म्हणून मला ते लाखेपेक्षा किंवा क्लिअर कोटपेक्षा कितीतरी पसंत आहे.

नटबोल्ट बघताना हे अमेरिकन इंजिन आहे हे विसरू नका. पाव इंचाच्या बोल्टला इंचात २८ आटे आणि व्यास ६.३५ मिमी. त्याच्या भोकात सहा मिमीचा बोल्ट जाईल, आवळल्यासारखाही वाटेल, आणि आतले आटे घेऊन बाहेर येईल. पाने इंचांचेच वापरा. स्पार्क प्लगचे आटे मात्र १८ मिमीचे, म्हणून नकली प्लग लेथवर सहज करून मिळतात. मॅग्नेशियममध्ये स्टेनलेसचा बोल्ट थेट बसवला की ओल लागताच मॅग्नेशियम झिजते. झिंक केलेला पोलादी बोल्ट ओल्या इपॉक्सी प्राइमरमध्ये बुडवून बसवा आणि खाली नायलॉनचा वॉशर घाला. लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, ०.८ मिमीची स्टेनलेस, इंचाला सहा ते आठ पीळ, आणि ओढ नेहमी बोल्ट आवळण्याच्या दिशेने. जाणकार माणूस इंजिनाजवळ आला की आधी लॉकवायरच बघतो.

इग्निशनची वेणी लावताना प्लगना क्रमाने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवरचे आकडे सिलिंडरचे नसतात, ते फायरिंगच्या क्रमाचे असतात. या इंजिनाचा क्रम १-३-५-७-९-२-४-६-८, म्हणजे टर्मिनल २ ची वायर सिलिंडर ३ ला जाते आणि टर्मिनल ६ ची सिलिंडर २ ला. उजवा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारे यंत्र) पुढच्या प्लगना, डावा मागच्यांना. इंजिन सुरू होणार नसले तरी हे बरोबरच लावा, त्यावरून शिकणारी मुले येतात. मॅग्नेटोच्या आतली कॉइल मात्र सोडवून ठेवा, फिरणाऱ्या शाफ्टवर मॅग्नेटो झटका देऊ शकतो.

जे भाग नवे बनवले त्यांच्यावर आतल्या बाजूने ‘प्रतिकृती’ आणि साल ठोका. पन्नास वर्षांनी ज्याच्या हाती हे इंजिन जाईल त्याला खरे-नकली कळायला हवे.

स्टँडसाठी ७५ × ७५ × ५ मिमीचा चौकोनी पाइप आणि १२ मिमीची कातलेली रिंग प्लेट. शाफ्टचा मध्य जमिनीपासून १.२५ मीटर ठेवला की खालचे सिलिंडर सुमारे ६० सेंटिमीटर उंच राहतात आणि बघणाऱ्याची नजर बरोबर क्रँककेसवर येते. पायथा १.४ मीटर चौरस. इंजिन प्लेटच्या पुढे लटकते, म्हणून वजनाचा मध्य पुढच्या पायांच्या आत पडतो ना हे लंब सोडून तपासा. चाके प्रत्येकी ३०० किलोची घ्या. स्टँड धरून वजन साडेपाचशेच्या आसपास जाते आणि उंचसखल फरशीवर ते अनेकदा दोनच चाकांवर येते. जागेवर नेल्यावर भार स्क्रूच्या पायांवर घ्या. खाली ट्रे ठेवाच, रेडियल इंजिन कितीही निथळले तरी ठिबकते. आणि शाफ्टला लपवलेली पिन घालून फिरणे बंद करा.

पाटीवर लिहिताना बडोद्यात एक मोह होतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला बडोद्याचे नाव होते, आणि आपल्याला त्याचा सार्थ अभिमान आहे. पण ती स्पिटफायरची स्क्वाड्रन होती. त्यांत रोल्स-रॉइस मर्लिन असायचे, व्ही आकारात बारा सिलिंडर, द्रवाने थंड होणारे. हवेने थंड होणाऱ्या रेडियल इंजिनाच्या पाटीवर ते नाते जोडू नका. डेटा प्लेटवर जे आहे, खरेदीच्या कागदावर जे आहे, तेवढेच लिहा.

खंडेनवमीला कारखान्यात इंजिनाची पूजा होणारच, ती व्हावीच. फक्त हळद-कुंकू, पाण्याने भिजलेली फुले आणि नारळाचे पाणी उघड्या धातूवर नको: नारळाच्या पाण्यात क्षार असतात आणि कुंकवाचा डाग वॅक्समध्ये उतरतो. स्टँडच्या पुढच्या पट्टीवर पितळी ताट ठेवून पूजा करा.

त्याच सुमारास पावसाळा संपतो, तेव्हा वार्षिक तपासणीही लगेच करून घ्या. मागच्या नऊ प्लगच्या जागी पारदर्शक, सिलिका जेल भरलेले प्लग लावलेले असावेत. नारिंगी दाणे हिरवे झाले असतील तर भट्टीत १२० अंशांवर दोन तास सुकवून परत भरा. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्टचे संयुग असते. एक्झॉस्ट पोर्ट एचडीपीई प्लास्टिकच्या चकत्यांनी आणि कार्ब्युरेटरचे तोंड बारीक जाळीने बंद आहे ना बघा, नाहीतर कुंभारीण माशी परत घर करते. टॉर्च घेऊन हेड आणि बॅरलचा सांधा, मॅग्नेशियमच्या कडा आणि स्टँडच्या बुशा तपासा. पांढरी भुकटी दिसली तर ती पुसून टाकण्याआधी फोटो काढा, तारीख टाका, आणि दोन महिन्यांनी त्याच जागेचा फोटो पुन्हा घ्या. भुकटी वाढली असेल तर तेवढाच भाग उघडून पुन्हा साफ करा, सुकवा आणि प्राइमर लावा.